रक्तातून बॅक्टेरिया वेगळे काढताय? चिपला शिव्या देण्याआधी हे वाचा

सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या) पेशंटच्या १ मिली रक्तात बॅक्टेरिया कित्येकदा १० सुद्धा नसतात आणि तांबड्या पेशी असतात ४००-५०० कोटी, म्हणून कल्चरला (बॅक्टेरिया वाढवून ओळखायला) दिवस-दिवस लागतात, आणि म्हणूनच ही स्पायरल चिपची खटपट: गोल गोल वळणाऱ्या बारीक चॅनलमधून रक्त सोडायचं आणि पेशी आकारानुसार वेगळ्या करायच्या.

डिझाइनचं गणित सोपंय. पेशीचा आकार भागिले चॅनलची उंची हे साधारण ०.०७ च्या वर गेलं तरच पेशी एका रेषेत येते. चॅनल ६० मायक्रॉन उंच ठेवलं तर हद्द आली ४.२ मायक्रॉनला. तांबडी पेशी ७-८ ची, ती आतल्या भिंतीकडे सरकते, इ. कोलाय जेमतेम १ जाड आणि २ लांब, तो प्रवाहाच्या भोवऱ्यात फिरत राहतो. म्हणून सँपल बाहेरच्या इनलेटने, साधा बफर (पेशी नसलेलं क्षारांचं पाणी) आतल्या इनलेटने, आणि फ्लो असा सेट करायचा की बॅक्टेरिया फिरून परत बाहेरच्या भिंतीशी येतील तेव्हाच आउटलेट यावं. प्लेटलेट येतात सोबत थोड्या, चालवून घ्या.

चिप नेहमीसारखीच, पीडीएमएस (पारदर्शक सिलिकॉन रबर) आणि त्याचा हार्डनर १०:१ साच्यात, बुडबुडे काढून ७० डिग्रीला २ तास, मग भोकं पंच करा आणि प्लाझ्मा देऊन काचेला चिकटवा. मग १% बीएसए (एक प्रोटीन) अर्धा तास भरून ठेवा नाहीतर पेशी भिंतीला चिकटतात. रक्त १० पट पातळ करा, आणि सिरिंज आडवी तशीच पडू देऊ नका, तांबड्या पेशी खाली बसतात आणि नंतर येणारं सँपल वेगळंच असतं.

आता माझा गाढवपणा. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमधलं ताजं रक्त घेतलं, त्यात लॅबचा डीएच५-अल्फा (इ. कोलायचाच एक स्ट्रेन) मिसळला, पंप सेट करेपर्यंत ते तसंच टेबलावर, आणि चिपमधून काढून कल्चर प्लेटवर टाकलं तर जवळजवळ काहीच नाही! दोन आठवडे मी चॅनलची रुंदी बदलत बसले, तीन मोल्ड वाया. शेवटी सीनियर दादा म्हणाला, "अगं, चिपमधून न गेलेलं रक्त प्लेटवर टाकून बघितलंस का?" टाकलं, तिथेही कॉलनी नाहीत. डीएच५-अल्फासारखे लॅबचे हे के-१२ स्ट्रेन ताज्या रक्तातल्या कॉम्प्लिमेंटसमोर (बॅक्टेरिया मारणाऱ्या प्रोटीनांसमोर) टिकत नाहीत, आणि हेपरिनने हे मारणं थांबत नाही, ईडीटीएने (हेही रक्त गोठू देत नाही) थांबतं कारण कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधलं जातं.

तर ईडीटीएची ट्यूब घ्या, आणि प्रत्येक रनला चार प्लेट लावा: मूळ कल्चर, तेवढाच वेळ बाजूला ठेवलेलं रक्त, आणि दोन्ही आउटलेट. आउटलेटची बेरीज बाजूला ठेवलेल्या रक्ताशी जुळत नसेल तर उरलेले ट्यूबिंगमध्ये शोधा.

आणि वेळ आधी मोजा. ५ मिली रक्त १० पट केलं की ५० मिली, मिनिटाला ०.१ मिली धरलं तर ८ तासांच्या वर, मग कल्चरच बरं की! एका साच्यात चार-पाच स्पायरल समांतर काढा.