लाईट आली तरी पंप गप्प बसला पाहिजे

गुहागरच्या घरी आई एकटी असते, मी डोंबिवलीत. विहिरीवरचा एक एचपीचा पंप चालू-बंद करायला तिला दिवसातून दोनदा परसवातल्या पायऱ्या उतराव्या लागायच्या. तिचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा मी या स्मार्ट भानगडीत पडलो आणि पहिल्यांदाच चुकलो.

१६ अँपिअरचा स्मार्ट प्लग (फोनवरून चालू-बंद होणारा) आणला आणि पंप थेट त्यालाच लावला. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, सहज चालेल, असा माझा हिशेब. पण मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. तीन आठवड्यांत आतला रिले, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, चिकटला. अ‍ॅपमध्ये पंप ‘बंद’, आणि टाकी अंगणात वाहतेय! म्हणून पंपासाठी वायरमनकडून काँटॅक्टर (मोटरचा मोठा करंट पेलणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिले (भार जास्त झाला की मोटर बंद करणारा) बसवून घ्या. स्मार्ट स्विचने फक्त काँटॅक्टरची कॉइल (तो चालू-बंद करणारं तारेचं वेटोळं) चालवायची, पंपाचा भार काँटॅक्टरवर. विहिरीजवळची ओल आणि २३० व्होल्ट, इथे स्वतःची हुशारी नको.

वायफायचं थोडक्यात सांगतो. स्वस्तातली बहुतेक उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरमध्ये २.४ आणि ५ यांना वेगळी नावं द्या, आणि जोडणी करताना फोन २.४ वरच ठेवा. आमचा राउटर माजघरात होता. चिऱ्याच्या जाड भिंतींतून रेंज पडवीतसुद्धा येईना. तो मागच्या खिडकीत आणला, काम झालं.

सगळं एकाच अ‍ॅपवर चालणारं घ्या. माझं स्मार्ट लाइफ अ‍ॅपवर आहे, ते गुगल होमला जोडलंय. वेगवेगळ्या कंपन्यांचं घ्यायचं असेल तर खोक्यावर ‘मॅटर’ची (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र चालावीत म्हणून ठरवलेलं मानक) खूण बघा. त्यासोबत येणाऱ्या जोडणीच्या कोडचा फोटो काढून ठेवा, आमच्याकडच्या दमट हवेत स्टिकर फार टिकत नाहीत.

आता खरी गोष्ट. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते, येते, परत जाते. प्रत्येक स्विचच्या सेटिंगमध्ये ‘लाईट आल्यावर काय करायचं’ हे ठरवता येतं. पंपाला ‘ऑफ’ ठेवा, नाहीतर रात्री दोनला लाईट आली की तो आपणहून सुरू होईल. पडवीच्या दिव्याला ‘आधीची स्थिती’ चालते. पंपाच्या स्विचला ‘इंचिंग’ची सोय असेल तर तीही लावा: चालू केल्यावर ठरलेल्या वेळाने तो स्वतःच बंद होतो, इंटरनेट नसलं तरी. मी २० मिनिटं ठेवलीत; मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा १०.

पडवीचा दिवा सूर्यास्ताला लागतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास, जूनमध्ये सातनंतर. वेळ बदलत बसावं लागत नाही. अ‍ॅपमध्ये ठिकाण मात्र गुहागर टाका, माझ्यासारखं डोंबिवली नको.

आई अ‍ॅपच्या वाटेला जात नाही. “बटण कुठाय ते सांग,” म्हणाली. म्हणून वायरमनकडून स्वयंपाकघरात साधं बटणही बसवून घेतलं. ते आणि माझा फोन, दोन्ही एकच पंप चालवतात.

वीज कडाडायला लागली की राउटरची पिन काढायला तिला सांगितलंय. तरी एकदा जळलाच. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, तर सगळी उपकरणं मुकाट्याने परत जोडली गेली.