केपेल स्ट्रीटवर येणाऱ्यांसाठी

ऑगस्ट उजाडला की फोन सुरू होतात. "ताई, लंडनला केपेल स्ट्रीटच्या कॉलेजात ॲडमिशन झालंय, ग्लोबल हेल्थच्या एमएससीला. काय काय आणू?" विचारणारे बहुतेक बीडीएस, बीएएमएस किंवा फिजिओथेरपी केलेले, कुणी एमबीबीएस होऊन ग्रामीण सेवेचा बॉण्ड संपवलेले. कुकर आणाच. पण त्याआधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कामाच्या वह्या आणा. रुग्णांची नावं नकोत, तुम्हाला पडलेले प्रश्न हवेत. कुठल्या महिन्यात लसीकरण का घसरलं, आशाताईंचा मोबदला अडकला की नेमकं काय थांबतं, हे वर्गात तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नसतं. मी नंदुरबारहून आले तेव्हा पहिले तीन महिने इंग्रजीच्या धाकाने गप्प बसले. तुम्ही बसू नका.

एक गोष्ट घरच्यांनाही आधीच स्पष्ट सांगा. या एमएससीने इथे डॉक्टरकी करता येत नाही. एमबीबीएसवाल्यांना त्यासाठी जीएमसीची, म्हणजे इथल्या वैद्यकीय परिषदेची, नोंदणी लागते, बीडीएसवाल्यांची परीक्षा वेगळी, आणि बीएएमएसवर डॉक्टर म्हणून नोंदणी होत नाही. "मुलगा लंडनला डॉक्टर झाला" असं गावात पसरलं की पुढे त्या मुलालाच त्रास होतो.

केपेल स्ट्रीटवरच्या लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या सज्जांवर सोनेरी डास, पिसवा, उवा बसवल्यात. ही संस्था 1899 ची, ही इमारत 1929 ची. साम्राज्यातले गोरे अधिकारी आणि व्यापारी तापाने मरत होते, म्हणून उष्ण प्रदेशातल्या रोगांच्या या शास्त्राला इथे पैसा मिळाला. हे लक्षात ठेवून शिका. हा प्रश्न नेमका कुणाला पडलाय, असं प्रत्येक व्याख्यानात विचारता आलं पाहिजे.

वर्ष म्हणतात, पण हातात तेवढा वेळ नसतो. ऑक्टोबर ते डिसेंबर साथरोगशास्त्र आणि सांख्यिकी, मग पाच-पाच आठवड्यांचे विषय, जूनमध्ये परीक्षा, उन्हाळ्यात प्रकल्प. सांख्यिकीला घाबरून सोपे विषय घेत गेलात तर नोकरीच्या वेळी हात रिकामे राहतील. स्टाटा किंवा आर, सांख्यिकीच्या या दोन सॉफ्टवेअरपैकी एक तरी पक्कं करा.

प्रकल्पाचं मात्र नाताळच्या आत ठरवा. मला धडगावच्या बाळंतिणींच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. अर्ज एप्रिलमध्ये केला, परवानग्या येईपर्यंत उन्हाळा सरला आणि विषय बदलावा लागला. भारतात जाऊन माहिती गोळा करायची तर इथल्या नैतिकता समितीची मान्यता लागते, तिथल्याही समितीची लागते, आणि परदेशी संस्थेचा सहभाग असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचाही प्रश्न येतो. म्हणून मी सगळ्यांना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची आकडेवारी वापरायला सांगते. पाचवी फेरी 2019 ते 21 ची आहे, त्यात जिल्हावार आकडेही आहेत. हे सर्वेक्षण आपल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेतून चालतं. लंडनच्या ग्रंथालयात बसून तुम्ही नंदुरबारची माहिती उलगडत असता.

आता नोकरीचं. 2025 मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला आणि परदेशांना मदत देणारी आपली यूएसएड ही संस्था बंद केली. ब्रिटनही परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 2027 पर्यंत 0.3 वर आणतोय. माझ्या ओळखीतली पंधरा-पंधरा वर्षं काम केलेली माणसं घरी बसली आहेत. कर्ज काढून येणाऱ्याला हे सांगायलाच हवं. जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांवर सगळा डाव लावू नका. आरोग्य अर्थशास्त्र, आकडेवारीचं विश्लेषण, कार्यक्रमांचं मूल्यमापन येत असेल तर मुंबई-पुण्यातही काम आहे.

परतणं म्हणजे हरणं, असं तर मुळीच मानू नका. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्सहून शिकून गडचिरोलीत परतले. तिथल्या 39 गावांत निवडलेल्या बायकांना त्यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला, जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर, हे काम नसलेल्या तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि आज देशभरच्या आशा घरी जाऊन बाळ तपासतात ते त्याच वाटेने. त्यात बाळांच्या उपचाराइतकंच मोजमापाचं शिक्षणही कामी आलं; प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदला गेला म्हणून तो निष्कर्ष जगाला मान्य करावा लागला.

राहण्याचं थोडक्यात. व्हिसासाठी क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो, तो वेळेत काढा. जानेवारी 2024 पासून एमएससीच्या विद्यार्थ्यांना जोडीदार किंवा मुलं आणता येत नाहीत. लग्नाच्या तारखा त्या हिशोबाने धरा. शिकवणी चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं. खोली व्हिडिओवर पाहून पैसे पाठवू नका. डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेलाच असतो, तरी आजारी पडेपर्यंत नोंदणी न केलेले आरोग्याचेच विद्यार्थी मी पाहिलेत.

युस्टनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर डाळ-पीठ-मसाले सगळं मिळतं, कॉलेजपासून चालत पंधरा-वीस मिनिटं. डॉलिस हिलला 1932 पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत जरूर जा. नोव्हेंबरात चार वाजताच अंधार पडायला लागतो आणि घरची फार आठवण येते. तेव्हा खोलीत एकट्याने बसू नका, मला फोन करा, जेवायला या. येताना प्रकल्पाचा कच्चा प्रश्न लिहून आणा, जेवण झालं की त्यावर बसू.