पाण्याच्या वादात वितंडवाद्याला कसे अडवावे

उन्हाळा लागला की सोलापुरात सोसायटीच्या सभेत आणि टपरीवर एकच वाद रंगतो: उजनी धरणात पाणी असताना नळाला इतक्या दिवसांआड का? अशा वेळी खऱ्याखोट्याची पर्वा न करता बाजी मारणारा एक तरी असतोच. त्याच्या युक्त्या जुन्या आहेत. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, वाद, जल्प आणि वितंडा असे भेद केले आहेत आणि वादात माणूस हरला असं कुठे धरायचं, त्या २२ जागा म्हणजे निग्रहस्थानं नावानिशी सांगितली आहेत.

आधी समोरचा कोणत्या प्रकारचा वाद घालतोय ते ओळखा. विचारा, “काका, काय दाखवलं तर तुम्ही मत बदलाल?” ठोस उत्तर आलं, तर तो वाद, म्हणजे सत्य शोधण्यासाठीची चर्चा. “काहीही दाखवा, मी सांगतो तेच खरं” असं आलं, तर जल्प, म्हणजे फक्त जिंकण्यासाठीचं भांडण. जल्पात त्याला पटवायचा नाद सोडा आणि ऐकणाऱ्यांकडे पाहून बोला.

मग त्याचं म्हणणं एका वाक्यात कागदावर लिहा, वाचून दाखवा आणि “हेच ना?” म्हणून होकार घ्या. हे टाळलं तर वाद फसतो. कारण मुद्दा खोडला की तो म्हणतो, “मी तर नियोजनाबद्दल बोलत होतो.” मूळ विधान वाचवण्यासाठी दुसरंच पुढे करणं म्हणजे प्रतिज्ञांतर, त्या २२ पैकी एक. कागद समोर असेल तर पुढे बोलावं लागत नाही.

खरी कसोटी आकड्यांपाशी लागते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांतून आपोआप बाहेर न येणारं तळाचं पाणी, आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. रोजची टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणून ती शून्याखाली जाते. समजा धरणात ४७ टीएमसी पाणी आहे. ४७ उणे ६३.६६ म्हणजे उणे १६.६६, त्याला ५३.५७ ने भागलं की उणे ३१ टक्के. एकजण ओरडतो, “धरण उणे ३१, कोरडं पडलं!” दुसरा ११७ पैकी ४७ धरतो आणि म्हणतो, “४० टक्के भरलंय, सगळी नाटकं आहेत.” दोघांचा आकडा बरोबर, दोघांचा निष्कर्ष चूक. इथे आवाज चढवू नका, “टक्के कशाचे?” एवढंच विचारा आणि हा हिशेब सगळ्यांसमोर करा. मृतसाठ्यातलं पाणीही उपसता येतं, पण पातळी खाली गेली की दुबार, तिबार पंपिंग करावं लागतं.

इथेच दुसरी उडी पकडा: “धरणात आहे, म्हणजे नळाला यायलाच हवं.” धरण आणि नळ यांच्या मधे शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनी, पंप, टाक्या आणि वितरण आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या औज बंधाऱ्यासाठी भीमा नदीतून सोडलेलं पाणीही वाटेत जिरतं, उपसलं जातं. यातली नेमकी कोणती कडी तुटली, हे दाखवायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर टाका. महापालिकेचा दोष असेलही. तोही असाच कडीनिशी सिद्ध व्हायला हवा.

“तुमच्या वॉर्डात तरी कुठे सुरळीत आहे?” हा टोला लगेच झोंबतो, आणि आपण आपल्या वॉर्डाची वकिली करत बसतो. तसं करू नका. टोला मारणाऱ्यानं स्वतःवरचा आरोप न खोडता तोच समोरच्यावर उलटवणं ही मतानुज्ञा, म्हणजे दोष कबूल करणंच. “आमच्याकडेही नाही, हे मान्य. आता तुमच्या दाव्याचा पुरावा द्या,” असं म्हणा.

एका दमात सहा प्रश्न आले तर सगळे लिहून घ्या आणि “यातला सर्वांत महत्त्वाचा कोणता?” असं त्यालाच निवडायला लावा. सहाही उत्तरं द्यायला गेलात, तर सर्वांत कच्चं उत्तर तेवढं लोकांच्या लक्षात राहील. “तुला काय कळतं बे?” याला उत्तरच देऊ नका, कागदावरचं वाक्य पुन्हा वाचा.

सर्वांत चिवट तो वितंडवादी, कारण तो स्वतःची बाजू मांडतच नाही, फक्त तुमची खोडतो. त्याच्यासमोर बचाव करत बसलात तर सभा संपेपर्यंत तेच चालेल. अध्यक्षांना सांगून प्रत्येकाला दोन मिनिटं आणि एक अट ठेवा: आक्षेपासोबत स्वतःचा उपायही सांगायचा, आणि तो इतिवृत्तात त्याच्या नावासह लिहिला जाईल.