मतदारसंघाचा निवडणूक इतिहास लिहिताय? मग या चुका टाळा (उदाहरण सांगोल्याचं)

निवडणूक लागली की दर वेळी तेच होतं. कोणीतरी वर्ष, आमदार, पक्ष असे तीन रकाने पाडून 'आपल्या मतदारसंघाचा इतिहास' फिरवायला लागतं, लोक वा वा करतात, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत तोच चुकीचा तक्ता खरा होऊन बसतो. सोलापूर जिल्ह्यातला सांगोला मी उदाहरणाला घेतलाय, कारण करता येण्यासारखी जवळपास प्रत्येक चूक लोकांनी या एका मतदारसंघावर करून झालीय.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे "गणपतराव देशमुख सलग अकरा वेळा". अकरा वेळा बरोबर आहे, सलग नाही. शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, गणपतराव १९६२ आणि १९६७ ला निवडून आले, १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांकडून पडले, काकासाहेबांचं निधन झालं म्हणून १९७४ ला पोटनिवडणूक लागली ती जिंकले, मग १९७८, १९८०, १९८५, १९९०, मग १९९५ ला पडले, आणि पुन्हा १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा, अकरा भरतात. पण १९७४ सोडलं तर दहाच भरतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

का सुटतं १९७४? कारण निवडणूक आयोगाचे जे सांख्यिकी अहवाल सगळे उघडतात ते सार्वत्रिक निवडणुकीचे असतात, पोटनिवडणूक त्यात येतच नाही. १९७२ चा अहवाल उघडला की एक नाव, १९७८ चा उघडला की दुसरं, मधल्या सहा वर्षांत काय झालं ते दोन्हीकडे नाही. ज्याला दुपारी सुरू करून संध्याकाळी पोस्ट टाकायचीय तो मधे कशाला बघेल.

मागे एका स्थानिक साप्ताहिकाच्या निवडणूक विशेषांकाचं पान एका पोराकडे होतं. पोरगं हुशार, पण बुडाखाली जाळ. त्यानं अहवालांवरून यादी केली तर गणपतरावांच्या नावापुढे दहाच विजय आले, आणि अकरा तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ. आता माणसानं थांबून एखाद्या जुन्या माणसाला फोन करावा की नाही? यानं सरळ १९९५ च्या ओळीतही गणपतराव टाकले आणि हिशोब जुळवला. वर चौकटीत 'पंचावन्न वर्षं आमदार', म्हणजे अकरा गुणिले पाच. अंक बाजारात गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सांगोल्याहून फोन. गंमत म्हणजे जास्त चिडलेले शेकापचेच म्हातारे कार्यकर्ते होते. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी काँग्रेसकडून गणपतरावांना पाडलं ते फक्त १९२ मतांनी, त्या मतमोजणीच्या आठवणी तिथं आजही निघतात, आणि यानं तो पराभवच पुसून टाकला होता. विजय फुकट मिळाला म्हणून कोणी खूश झालं नाही.

तो पंचावन्नचा आकडा पण बघा. १९६२ ते ७२ दहा वर्षं, १९७४ ते ७८ साधारण चार, १९७८ ते ९५ सतरा, १९९९ ते २०१९ वीस. एक्कावन्न होतात. १९७८ ची विधानसभा १९८० लाच संपली, पोटनिवडणुकीवाल्याला उरलेलाच काळ मिळतो, त्यामुळे टर्मला पाचनं गुणणं बंद करा. एक्कावन्न काय कमी आहेत का, की फुगवावे लागतात!

माझी सवय सांगतो. मी आमदाराची यादी करतच नाही, मतदानाची करतो. प्रत्येक मतदानाला एक ओळ, पोटनिवडणूक लाल पेननं, आणि ओळीत विजयी, दुसरा, फरक, तिन्ही. दोन मतदानांमध्ये कोणी वारलं, राजीनामा दिला, कोर्टानं निवडणूक रद्द केली का, हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांच्या फायलीत बघतो. वेळखाऊ काम आहे, मान्य. ज्याला वेळ नाही त्यानं इतिहास लिहू नये, स्टेटस टाकावं.

'फरक' हा रकाना का हवा म्हणता? २०१९ ला शहाजीबापूंना ९९,४६४ मतं आणि शेकापच्या डॉ. अनिकेत देशमुखांना ९८,६९६, म्हणजे फरक ७६८. आधीचे १९२ मिळवा. बापूंचे आमदारकीचे दोन्ही विजय मिळून ९६० मतांचे आहेत. नुसती नावं लावली की '२०१९ ला बालेकिल्ला ढासळला' असले मथळे सुचतात, आणि मग २०२४ ला शेकाप पंचवीस हजारांच्या वर मतांनी आला की तेच लोक 'चमत्कार' म्हणतात. आणि हो, बापूंनी गणपतरावांना दोनदा हरवलं असंही बिनधास्त छापतात. एकदाच हरवलंय. २०१९ ला गणपतराव उभेच नव्हते, समोर नातू होता. नातवांतही गल्लत होते: २०१९ ला पडले ते अनिकेत, २०२४ ला आले ते बाबासाहेब, दोघंही डॉक्टर.

दुसरी माझी खास नावडती चूक म्हणजे पक्षाचा रकाना आजच्या डोळ्यांनी भरणं. लोकांना बापू माहीत झाले २०२२ ला शिवसेनेतल्या बंडावेळी गुवाहाटीहून केलेल्या 'काय झाडी' वाल्या फोनमुळे, म्हणून १९९५ पुढे पण शिवसेना लिहून मोकळे. तेव्हा ते काँग्रेसचे होते. २०१४ आणि २०१९ ला शिवसेना, आणि २०२४ ला पण शिवसेनाच, पण मधे फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगानं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, त्यामुळे २०२४ च्या ओळीत नुसतं 'शिवसेना' लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळत नाही, कारण त्याच निवडणुकीत ठाकरेंच्या सेनेकडून दीपक साळुंखेही उभे होते. आणि शेकापही स्वतःच्याच जोरावर, त्यामुळे जे 'आघाडी विरुद्ध युती' असे दोनच रकाने पाडतात त्यांनी सांगोल्याला हात लावू नये. जुन्या काळात तर आणखी कठीण, १९७८ ला महाराष्ट्रात दोन काँग्रेस समोरासमोर होत्या, त्यांची मतं बेरीज करून 'काँग्रेस' लिहिणारे मी पाहिलेत. राष्ट्रवादी १९९९ च्या आधी दिसली की तक्ता बंद करून चहा घ्यावा.

बाकीच्या पटापट.

गणपतरावांच्या अकरा विजयांना 'देशातला विक्रम' लिहू नका. केरळात के. एम. माणी पालामधून तेरा वेळा आले, ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा.

मतदारसंघाचा नंबर बघून जुने निकाल जोडू नका. १९६२ ला राज्यात २६४ जागा होत्या, १९६७ ला २७०, १९७८ पासून २८८, नंबर दर वेळी सरकले. सांगोल्याचा आजचा २५३ हा २००९ पासूनचा.

नाव तेच म्हणजे हद्द तीच असंही नाही, २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत गावं इकडची तिकडं गेली. २००४ आणि २००९ च्या मतांची सरळ तुलना करताना मी मधे एक जाड रेघ मारतो. लोकसभेचंही तसंच, सांगोला आता माढ्यात आहे, पण २००९ च्या आधी माढा नावाचा लोकसभा मतदारसंघच नव्हता, तरी '१९९८ ला माढ्यात कोण' असं विचारणारे भेटतात. पुण्यात कोथरूडचा १९९५ चा आमदार शोधणाऱ्यांनाही हेच उत्तर.

टक्केवारी काढताना खाली एकूण मतदार घेतलेत, झालेलं मतदान की वैध मतं, ते लिहा. 'नोटा' (वरीलपैकी कोणीही नाही) हा पर्याय २०१४ च्या विधानसभेपासून आला, त्याच्या आधीच्या ओळीत शून्य टाकू नका, रेघ मारा.