मांडीची सोनोग्राफी: दर वेळी तीच जागा, तोच गेन

ड्युशेन (स्नायू हळूहळू कमजोर करणारा जनुकीय आजार) असलेल्या मुलांचे स्नायू तपासताना माझा पहिला नियम: मशीनच्या सेटिंगला हात लावायचा नाही. गेन (चित्र किती उजळ दिसेल ते), डेप्थ (किती खोलवर दिसेल ते), फ्रिक्वेन्सी (ध्वनिलहरींची वारंवारता) पहिल्या भेटीत ठरवा आणि ही सेटिंग प्रीसेट म्हणून सेव्ह करा. एकदा माझ्याकडून गेन वाढलेला राहिला. स्नायू उगाच पांढरा दिसला नि त्या आईचा चेहराच उतरला. ते मला अजून सलतं.

मुलाला उताणं झोपवा, पाय सैल. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपर्यंत टेप धरा, मधोमध पेनाने खूण करा. मूल उंच होतं, म्हणून मध्य दर वेळी नव्याने काढा.

जेल कोमट आणि भरपूर. गार जेल लागलं की पोरगं दचकून मांडी आवळतं. हात हलका ठेवा, दाबलं की जाडीचं माप चुकतं. प्रोब (त्वचेवर टेकवायचा मशीनचा भाग) मांडीला आडवा, त्वचेशी अगदी काटकोनात. जरा कलला तरी चित्रातला स्नायूचा करडेपणा बदलतो. तीन फ्रेम घ्याच.

निरोगी स्नायू काळसर, आत पांढऱ्या रेघा, खाली हाडाची लखलखीत कड. तंतूंच्या जागी चरबी भरत गेली की सगळं भुरकट होतं, कड पुसट होते. डॉ. हेकमॅट यांनी १९८२ साली या भुरकटपणाच्याच चार पायऱ्या मांडल्या. चौथीत हाड दिसतच नाही.

पोटऱ्या भरल्या म्हणजे ताकद आली, असं पालकांना वाटतं. ती भर बरीचशी चरबीची असते, हे त्यांना पडद्यावरच दाखवा, हळुवारपणे. आणि खरी ताकद कळावी म्हणून मुलाला जमिनीवरून उठायला लागलेले सेकंद रिपोर्टशेजारी लिहा.