अर्धशिशीवर घरच्या घरी ॲक्युप्रेशर : या चुका टाळा

चैत्रात जोतिबाची यात्रा उरकून, दिवसभराचे ऊन, उपाशी पोट आणि हलगीचा कडकडाट सोबत घेऊन घरी परतलेल्या माणसाचे एका बाजूचे कानशील ठणकू लागते, तेव्हा घरातले कोणीतरी “हिकडं ये, डोस्कं दाबून देतो” म्हणत पुढे सरसावते. त्यामागची माया खरी असते. पण अर्धशिशी भरात असताना डोके दाबणे, हीच या उपायातील सर्वांत मोठी चूक आहे. झटका वाढत गेला की वेदना वाहून नेणारे मज्जातंतूंचे जाळे इतके हळवे होते, की केसांतून कंगवा फिरवणे किंवा चष्म्याची काडी कानावर टेकणेही अनेकांना सोसत नाही. वैद्यकात या अवस्थेला ॲलोडिनिया म्हणतात. अशा वेळी कपाळावर आणि कानशिलावर अंगठे रोवले, तर वेदना उतरण्याऐवजी चढते, आणि मग “ॲक्युप्रेशरचा काही उपयोग नाही” असा निष्कर्ष निघतो. बिघडलेली असते ती वेळ आणि जागा.

दाब द्यायचा तो सुरुवातीला. पुष्कळांना झटक्याच्या आधी काही तास वारंवार जांभया येतात, मान आखडते किंवा उगीच चिडचिड होते. काहींना डोळ्यांसमोर नागमोडी चकाकत्या रेषा दिसतात आणि त्या साधारण ५ ते ६० मिनिटे टिकतात. स्वतःच्या या खुणा ओळखल्या, तर तेव्हाच अंधाऱ्या, शांत खोलीत बसून दाब देता येतो. ती वेळ हुकली असेल, तर डोक्याला हात न लावता मनगटाकडे वळावे.

मनगटावरची जागा मात्र बहुतेक जण चुकवतात. तळहात वर करून मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटे आडवी ठेवावीत. ती जिथे संपतात तिथे, दोन ठळक स्नायुबंधांच्या मधल्या खाचेत हा बिंदू असतो, आणि त्याला पीसी-६ म्हणतात. पुष्कळ जण नाडी पाहतात त्या जागी, म्हणजे अंगठ्याच्या बाजूला दाबतात आणि रक्तवाहिनी चेपत बसतात. हा बिंदू प्रामुख्याने मळमळीसाठी वापरला जातो, आणि अर्धशिशीत मळमळ निम्मा जीव खाते, म्हणून माझ्या मते घरच्या वापरासाठी हाच सर्वांत कामाचा.

दुसरा परिचित बिंदू, एलआय-४, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात असतो. दोन्ही बोटे जुळवली की जो उंचवटा दिसतो, तिथे अंगठा ठेवून दाब तर्जनीच्या हाडाच्या दिशेने द्यावा. नुसती कातडी चिमटीत धरून काही साधत नाही. परंपरेनुसार गरोदर स्त्रियांनी हा बिंदू वर्ज्य मानावा असे सांगितले जाते, आणि ते पाळलेलेच बरे.

“जितके दुखेल तितके बरे” हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. तालमीत अंग रगडून घेण्याची सवय असलेल्या गावात तो असणारच. परंतु बोटाखाली थोडे दुखरे, पण सुखावह वाटावे, श्वास अडकू नये, एवढाच दाब पुरेसा असतो. एका बिंदूवर एक-दोन मिनिटे स्थिर किंवा हलके गोलाकार दाबून थांबावे, मग दुसरा हात घ्यावा. नखे वाढलेली असतील, तर आधी कापावीत. बोटांना बाम चोळू नये, कारण बोट सरकते आणि उग्र वासानेच अनेकांची अर्धशिशी भडकते.

मानेच्या बाबतीत मात्र थोडे कठोर बोलावे लागेल. कवटीचे हाड संपते तिथे, मणक्याच्या दोन्ही बाजूंना जे खळगे लागतात, तेथील जीबी-२० बिंदूवर अंगठ्याने वर, कवटीकडे हलका दाब देणे ठीक आहे. पण मानेच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे कधीही दाबू नये. आणि मान “मोडून” देणाऱ्याच्या हाती, तो कितीही अनुभवी असला तरी, डोकेदुखी घेऊन जाऊ नये. झटक्याने फिरवलेल्या मानेत मेंदूकडे जाणारी धमनी फाटल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदली गेली आहेत.

तळपायाच्या बिंदूंसाठी बाजारात मिळणाऱ्या काटेरी चपला मधुमेहींनी टाळाव्यात, कारण बधिर पायाला जखम झालेली कळत नाही.

अर्धशिशीचा झटका उपचाराविना ४ ते ७२ तासांत आपोआप ओसरतो, म्हणून एकदा बरे वाटले म्हणजे दाबानेच वाटले असे धरून चालता येत नाही. उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ मधील आढाव्यात २२ चाचण्या एकत्र तपासून झटके कमी होत असल्याचे आढळले, पण तो आढावा सुयांच्या ॲक्युपंक्चरचा होता. त्याचे श्रेय अंगठ्याला देणे योग्य नव्हे. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली रोजची प्रतिबंधक गोळी “आता बिंदू दाबतो आहेच” म्हणून बंद करणे, किंवा झटक्याची गोळी लांबवत राहणे, दोन्ही चुकीचे.

अचानक, क्षणात शिगेला पोचलेली आणि पूर्वी कधीच न अनुभवलेली डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, बोलणे अडखळणे, एका बाजूची ताकद जाणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, अशा प्रसंगी बिंदू शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही आधी तपासून घ्यावी.

एक साधी वही ठेवावी. कोणत्या दिवशी दुखले, किती वाजता दाब दिला, त्याआधी काय झाले होते, नवरात्राचा उपवास, अपुरी झोप, पाळीचे दिवस, हे तीत लिहावे. आणि महिन्यातून किती दिवस गोळी घेतली, तेही मोजावे. साधी वेदनाशामके १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या झटक्यावरची गोळी) किंवा मिश्र वेदनाशामक गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी कायमची होऊन बसू शकते. तसा आकडा दिसला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.