घरच्या घरी कार्टूनच्या रंगांचे स्लश : या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत बेळगावात मुलांचे वाढदिवस आले की डोरेमॉनच्या निळ्या रंगाचे, किंवा मुलांच्या आवडीच्या दुसऱ्या एखाद्या कार्टूनच्या रंगांचे बर्फाळ स्लश घरी करण्याची टूम निघते, आणि दरवर्षी ओळखीच्या तीन-चार घरांतून मला एकच प्रश्न विचारला जातो : फ्रीझरमध्ये ठेवलेल्या सरबताचा दगड झाला, आता काय करावे? चौकशी केली की बहुतेक वेळा साखर कमी घातल्याचे निघते.

स्लशमध्ये साखर केवळ गोडीसाठी नसते. साधे पाणी 0 अंशाला गोठते. साखर विरघळलेले पाणी त्याहून थोड्या कमी तापमानाला गोठू लागते. त्यातही आधी पाण्याचे स्फटिक तयार होतात, उरलेला पाक अधिकाधिक दाट होत जातो आणि तो गोठायला आणखी थंडी लागते. बर्फाच्या बारीक कणांमध्ये हा न गोठलेला पाक शिल्लक असतो, म्हणूनच स्लश चमच्याने हलते आणि स्ट्रॉमधून ओढता येते. मी 1 लिटर पाण्याला 150 ते 170 ग्रॅम साखर घेते आणि सरबत गोठवण्यापूर्वी ते जिभेला किंचित जास्तच गोड लागेल असे पाहते, कारण थंड पदार्थाची गोडी कमी जाणवते. उसाच्या जिल्ह्यात राहून साखरेची अशी धास्ती घेण्याचे कारण नाही. मुलांना कमी साखर द्यायची असेल तर पेला लहान घ्यावा, प्रमाणाला हात लावू नये. साखरेऐवजी स्टीव्हिया घालणाऱ्यांचा दगड तर ठरलेलाच असतो, कारण चिमूटभर पुडीने गोडी येते, पण गोठण लांबवण्याइतका पदार्थ पाण्यात विरघळलेला नसतो. बाजारातल्या साखरविरहित स्लशमध्ये हे काम ग्लिसरॉल, म्हणजेच ग्लिसरीन, करते. ते पाहून काही जण औषधाच्या दुकानातून ग्लिसरीनची बाटली आणतात, ते मला अजिबात मान्य नाही. ग्लिसरॉल असलेले स्लश 7 वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने 2025 मध्ये दिला आहे, आणि वाढदिवसाला येणारी निम्मी मुले त्याच वयाची असतात.

दुसरी चूक रंगाची आहे आणि ती मी स्वतःच्या घरी पाहिली आहे. भाच्याच्या सातव्या वाढदिवसाला वडगावच्या घरी वीस-बावीस मुले येणार होती. परसातल्या वेलीची गोकर्णाची फुले देठाकडचा हिरवा भाग काढून गरम पाण्यात भिजवली, पाणी गाळले, साखर विरघळवली आणि दोन पसरट डबे भरले. रंग असा गडद निळा उतरला होता की मुले डब्यात डोकावून डोरेमॉन, डोरेमॉन म्हणून ओरडू लागली. पहिला डबा फ्रीझरमध्ये गेला. दुसऱ्यातले सरबत वहिनींनी चाखले, त्यांना ते नुसतेच गोड वाटले, म्हणून त्यांनी प्रेमाने तीन लिंबे पिळली आणि आमच्या डोळ्यांदेखत ते निळे पाणी जांभळे झाले. गोकर्णाचा निळा रंग आंबटाला टिकत नाही. तो पूर्ववत व्हावा म्हणून कोणीतरी त्यात खायचा सोडा टाकला. फेस वर आला, रंग थोडा निळ्याकडे सरकलाही, पण चव इतकी खारट आणि साबणासारखी झाली की तो डबा मोरीत ओतावा लागला. भाचा रिकामा पेला हातात धरून दारात उभा होता, तो चेहरा मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझ्याकडे निळ्या थरात लिंबू, कोकम किंवा कैरी यांपैकी काहीही पडत नाही. चवीसाठी पुदिन्याची चार पाने किंवा शहाळ्याचे पाणी पुरते. आंबटपणा लाल थरात आणते आणि तो कोकमाचा असतो. दोन्ही थर पूर्ण घट्ट झाल्यावरच, वाढण्याच्या क्षणी, एकावर एक रचते आणि मध्ये नारळाच्या गोड दुधाचा पांढरा थर देते, म्हणजे निळा आणि लाल एकमेकांना भिडत नाहीत. बाजारातल्या सुट्या रंगाच्या पुडीचा सोपा मार्ग मला कोणी सुचवू नये. कर्नाटक सरकारने मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली, ती ऱ्होडामाइन-बी सारखे घातक रंग सापडल्यामुळेच. विकतचा रंग वापरायचाच असेल तर तो खाद्यरंगाच्या सीलबंद बाटलीतला असावा आणि थेंब मोजून घालावा.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. गरम पाक फ्रीझरमध्ये ठेवू नये. खोल पातेले घेऊ नये. पसरट स्टीलच्या डब्यात दोन बोटे उंचीचा थर पुरे. बाटलीतला फसफसणारा सोडा मिक्सरमध्ये कधीच घालू नये, झाकण उडते. साध्या पाण्याचे बर्फाचे खडे सरबताबरोबर मिक्सरमधून फिरवून दहा मिनिटांत स्लश होते असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, कारण त्याचे अर्ध्या तासात पेल्याच्या तळाशी फिके पाणी होते.

खरा वेळ घोटण्यात जातो आणि नवशिक्यांना तोच द्यायचा नसतो. डबा ठेवल्यावर पाऊण तासाने कडेला बर्फ धरू लागतो. तो काट्याने खरवडून मध्ये ढकलावा आणि त्यानंतर दर अर्ध्या तासाने हेच करावे. तिसऱ्या-चौथ्या वेळी काटा फिरवताना करकर आवाज येतो आणि कण ओल्या रव्यासारखे दिसू लागतात, तेव्हा स्लश तयार झाले असे समजावे. एकदा खरवडणे चुकले तर मोठे स्फटिक होतात आणि नंतर कितीही कुटले तरी खडेच लागतात.

वळवाच्या पावसात ऐन संध्याकाळी वीज जाते, म्हणून मी पॉट आइस्क्रीमचे जुने भांडे टाकून दिलेले नाही. तीन वाट्या कुटलेल्या बर्फाला एक वाटी जाडे मीठ घातले की बर्फाचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते आणि आतले सरबत फिरवता फिरवता धरू लागते. मात्र आतल्या डब्याचे झाकण उघडण्यापूर्वी ते ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर कडेचे मिठाचे पाणी आत गळते. पेलेही आधी अर्धा तास थंड करून ठेवावेत आणि स्लश भरल्याबरोबर मुलांच्या हाती द्यावे.